एरंडेलाचा डबा

कंपनीची पहिली गाडी एप्रिल लागता लागता आली आणि गावातला सगळा बन्सी गहू भरून घेऊन गेली. मागं राहिला तो फक्त साखराबाईच्या घरचा. तिच्या लेकाचा, वैजनाथचा, पेराच उशिरा झाला होता. गाडी पारापाशी उभी राहून इतरांची पोती पोटात घालत होती तेव्हा त्यांचा गहू रानात अजून हिरवट-पिवळा उभा होता. कंपनीचा माणूस सुदर्शन, लातूरचाच तरुण पोरगा, इस्त्रीच्या शर्टातला. त्यानं वैजनाथच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "काळजी करू नका. तुमचा निघाला की आठ दिवसांत दुसरी गाडी पाठवतो. तुम्ही काढून, पोती भरून तयार ठेवा."

दुसऱ्याच्या तोंडच्या आठ दिवसांचे किती दिवस होतात हे शेतकऱ्याला कुणी सांगायला नको. पण या गव्हाविषयी वाईट बोलायचं नाही, असं साखराबाईनं मनाशी धरलं होतं. कारण लेक गावात राहतो का पुन्हा जातो, हे त्या गव्हावर ठरायचं होतं.

सहा वर्षं वैजनाथ हैदराबादेत एका गोदामावर राखणदार होता. वर्षातून दोनदा यायचा. यायचा तेव्हा त्याची लेक शिल्पा आजीच्या पदराआड जाऊन उभी राहायची आणि हा कोण म्हणून बघायची. त्याचं त्याला लई लागायचं, पण बोलायचा नाही. गेल्या दिवाळीत तो घरी असतानाच कंपनीची माणसं गावात आली. मारुतीच्या सभामंडपात सभा झाली. देशी बन्सी पेरा, खत घालू नका, फवारू नका, निघेल तेवढा माल आम्ही उचलू, मोंढ्यातल्या बाजारभावाहून चांगला वरचा भाव देऊ, असा करार. वैजनाथनं सही केली, घरी आला आणि चुलीपाशी बसून आईला म्हणाला, "माय, औंदा करून बगतो. जमलं तर परत हैदराबादचं नाव काढणार न्हाई. न्हाई जमलं तर मग मला थांबवायचं न्हाई." तिकडं जाऊन नोकरी सोडून यायला त्याला महिना लागला, आणि म्हणून पेरा उशिरा.

साखराबाईचा आणि त्या कराराचा संबंध आला तो चहापुरता. तिनं आणि सून उज्वलानं किटली भरून नेली, मंडपाच्या पायरीवर ठेवली आणि माघारी आल्या. आत काय काय ठरलं ते बायांना कुणी सांगितलं नाही, आणि सांगायला पाहिजे असं कुणाला वाटलंही नाही. करार बाप्यांचा. माल घरात आला की त्याचं वाळवणं, निवडणं, राखणं सगळं बायांकडं, हे त्या सभेत एकाच्याही डोक्यात आलं नाही.

एप्रिल सरता सरता गहू कापणीला आला. रानात ऊन असं की विळ्याची मूठ तापायची. बन्सीची कुसळं लांब आणि कडक. मनगटाला, गळ्याला, पदरातून पोटाला टोचायची. घाम लागला की तिथं आग व्हायची. साखराबाई साठी ओलांडलेली, गुडघ्यांनी कधीच बंड केलेलं, तरी सुनेच्या बरोबरीनं ओळ धरून होती. वैजनाथ कापायला विसरला होता. सहा वर्षं खुर्चीवर बसलेल्या माणसाचे हात ते. पहिल्याच दिवशी तळहाताला फोड आले, दुसऱ्या दिवशी फुटले. त्यानं चिंधी बांधली आणि पुन्हा बसला. आई बघायची आणि मान वळवून कापत राहायची. आपला लेक राबतो आहे याचं तिला वाईटही वाटत होतं आणि बरंही.

मळणीयंत्र आलं, धुराळा उठला, नाकातोंडात भुसा गेला आणि सांजेपर्यंत गव्हाची रास पडली. लांब दाण्याचा, मधाच्या रंगाचा गहू. साखराबाईनं ओंजळीत घेऊन तो वैजनाथच्या नाकापाशी धरला.

"बग. तुझ्या बापाच्या टायमाला असाच यायचा."

पोती घरात आली. मधल्या खोलीत लाकडी फळ्या टाकून त्यावर थप्पी लागली. आठ दिवस गेले, पंधरा गेले. वैजनाथ रोज फोन लावायचा. सुदर्शन रोज म्हणायचा, गाडी लागतेय. मग अवकाळी आला. वारा सुटला, पत्र्यावर गारा वाजल्या आणि रात्रभर गळालं. पोती एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडं ओढताना उज्वलाच्या पाठीत चमक भरली. सकाळी सुदर्शनचा स्वतःहून फोन आला तेव्हा वैजनाथला हायसं वाटलं, पण गाडीचं त्यानं काही सांगितलं नाही. तो म्हणाला, "दमट हवा आहे, माल सांभाळा. एक किडा जरी दिसला तरी गाडी रिकामी परत जाईल, आधीच सांगून ठेवतो."

हे मात्र वैजनाथनं जेवताना घरात सांगितलं. तेवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी साखराबाईनं भाकरीसाठी ज्वारीच्या पोत्यात हात घातला आणि बोटांवर काहीतरी चाललं. उजेडात धरून पाहिलं. काळा, बारीक टोका. आणखी एक. ज्वारीचं पोतं गव्हाच्या थप्पीला टेकून होतं.

"वैजू, जवारीत टोके झालेत. दोन दिसात गव्हात शिरतेत बग."

वैजनाथ दारात बसून चपलेचा पट्टा शिवत होता. "मग काय करायचं?"

"काय करायचं म्हंजे? एरंडाचं तेल लावायचं. दरसाल लावतोत की खायच्या गव्हाला."

"किती लागंल?"

"आता एवढ्या मालाला पाच लिटरचा डबा तरी आन. घाण्याचं आन बरं का, दुकानातलं पातळ नको."

दुसऱ्या दिवशी तो मोटारसायकलवर निलंग्याला गेला आणि हँडलला डबा अडकवून आला. वाटेत झाकणातून तेल पाझरलं होतं, त्याच्या पँटीच्या गुडघ्यावर मोठा डाग पडला होता. "धू ही, न्हाई तर धूळ चिकटंल," असं उज्वलाला म्हणाला, आणि डबा आईपुढं ठेवून रानात नांगरट बघायला निघून गेला.

शेजारची दानम्मा मदतीला आली. तिचं माहेर बिदरकडचं, आणि साखराबाई, उज्वला, ती अशा तिघींत तीच सगळ्यात दांडगी. त्या तिघींनी ताडपत्री अंथरली, एक एक पोतं ओतायचं, तळहातावर कोमट तेल घ्यायचं आणि गहू चोळायचा. खालचा वर, वरचा खाली. दाण्यादाण्याला तेल लागलं पाहिजे, पण ओलं दिसता कामा नये. हे हातालाच कळतं. गुडघे मोडून बसायचं, कमरेतून वाकायचं, खांद्यापासून हात फिरवायचा. दोन पोत्यांनंतर मनगटं भरून यायची. घामाचे थेंब गव्हात पडू नयेत म्हणून कपाळाला पदर गुंडाळलेला. खोलीभर एरंडेलाचा जड, उबट वास. साखराबाईच्या हातांच्या भेगा त्या तेलानं मऊ पडल्या.

"यव्वा, साखराक्का," दानम्मा म्हणाली, "तुझ्या लेकाच्या लग्नात बी एवढी हळद लावली न्हवती ग."

"लाव, लाव. कंपनीच्या घरी द्यायचंय त्येला. टोका निघाला तर नाक कापलं जाईल."

उज्वला हसली. ती एरवी फार बोलत नसे. चोळता चोळता म्हणाली, "ह्येनी म्हनत होते, गहू गेला की न्हाणीला दार करू. सहा वर्सं झाली, पडदा लावून न्हातो."

"गहू जाऊ दे आदी," साखराबाई म्हणाली. पण तीही हसत होती. त्या चार दिवसांत ती जेवढी हसली तेवढी गेल्या कित्येक महिन्यांत हसली नसेल. शेवटचं पोतं भरून तोंड शिवलं तेव्हा तिला कंबर सरळ करता येईना. वैजनाथनं हात देऊन तिला उठवलं. थप्पीकडं बघून तो म्हणाला, "झालं का समदं? बरं झालं." घरभर तेलाचा वास होता आणि त्यात वेगळं काही आहे असं त्याला वाटलं नाही. जन्मापासून उन्हाळ्यात त्याचं घर असंच वासत आलं होतं.

गाडी आली ती मे संपताना. मागून सुदर्शन मोटारसायकलवर. पारावरची चार माणसं उठून आली; गावात गाडी आली की येतातच. दोन हमाल थप्पीकडं गेले. सुदर्शननं पिशवीतून टोकदार नळी काढली, पहिल्या पोत्यात खुपसली, बाहेर काढून गहू हातावर घेतला. मग त्याचा हात थांबला. त्यानं दाणे नाकाजवळ नेले. दुसऱ्या पोत्यात नळी घातली. तिसऱ्यात. हमालांना हातानंच थांबवलं.

"तेल लावलंय का याला?"

साखराबाई दारात चहाचे कप घेऊन उभी होती. तिला वाटलं, साहेब कौतुकानं विचारतोय. ती पुढं झाली. "हाव, लावलंय की. एक टोका सापडायचा न्हाई तुमाला."

सुदर्शन तिच्याकडं बघतच राहिला. मग वैजनाथकडं वळला. "मी सभेत काय सांगितलं होतं? शेतात नाही आणि घरातही नाही. मालाला बाहेरचं काहीही लावायचं नाही. सांगितलं होतं का नाही?"

"सांगितलंतं," वैजनाथ म्हणाला. सांगितलं होतं ते त्याला आठवत होतं. पण ते ऐकताना त्याच्या डोळ्यापुढं पावडर आली होती, गोळ्या आल्या होत्या, पाठीवरचा पंप आला होता. एरंडेल आलं नव्हतं. ते औषध असतं असं त्या घरात कुणी कधी मानलंच नव्हतं.

"हा रवा होऊन पुड्यात जाणार. आधी तपासणीला जातो. एरंडेल सापडलं तर माझी नोकरी जाईल, कळतंय का? किती पोत्यांना लावलंय?"

"समद्या," उज्वला हळूच म्हणाली.

"धुऊन देते की," साखराबाई म्हणाली. "दोन दिवस द्या साहेब. हिरीवर नेऊन धुते, वाळवते. पैल्यावानी करून देते."

"मावशी, धुऊन जात नाही ते."

तेव्हा साखराबाईनं कप खाली ठेवले, त्याच्या हातावरचा गहूच ओढून घेतला आणि तोंडात टाकला. तिचे पुढचे दात गेलेले, मागच्या दाढांनी ती कडाकडा चावू लागली. "बगा. हे बगा, खाऊन दावते. ह्याच्यात काय इख हाय का? आमची लेकरं ह्याच्यावरच वाडली." कोरडे दाणे तिच्या घशात अडकले, ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. पारावरचं एक माणूस तोंड फिरवून हसलं. सुदर्शननं बाटली पुढं केली, पण तिनं घेतली नाही.

"प्रश्न तुमच्या खाण्याचा नाही हो," तो म्हणाला. त्यालाही ते बघवत नसावं. तो वैजनाथला म्हणाला, "तुम्ही शिकलेले. तुम्हाला कळायला नको? कुणी लावलं हे?"

वैजनाथ जमिनीकडं बघत होता. त्याच्या अंगावर तीच पँट होती. धुऊनही गुडघ्यावरचा डाग गेला नव्हता, आणि साखराबाईची नजर नेमकी त्या डागावर होती.

"मला काय ठाऊक न्हाई साहेब," वैजनाथ म्हणाला. "मी रानात असतो. बायकांनी लावलं आसंल."

उज्वलानं मान वर केली. कुडापलीकडून दानम्मा बघत होती, तिचं तोंड उघडं राहिलं. साखराबाईला गहू नाकारला त्याचं दुःख होतंच, पण हे त्याहून खोल गेलं. लहानपणी मडकं फोडून हा पोरगा असाच खाली बघून उभा राहायचा.

"हाव," ती म्हणाली. "मी लावलं साहेब. त्येला इचारलं बी न्हाई. म्हाताऱ्या मानसाची खोड. त्येला न्हवतं ठाऊक. त्येचं नाव तेवढं राहू द्या."

"बघू," सुदर्शन म्हणाला. हमाल गाडीवर चढले. गाडीला वळायला जागा नव्हती, मागं घेताना तिनं न्हाणीचा एक खांब पाडला, आणि ती रिकामीच गेली.

त्या संध्याकाळी चुलीपाशी उज्वलानं विचारलं, "आत्या, तेल कुनी आनलं ते मला ठाऊक न्हाई का? माझ्याच हातानं धुतली मी पँट. तुमी कशाला अंगावर घेतलं?"

"माझं नाव कंपनीत हाय का? न्हाई. मग मला बोल लागला तरी काय जातंय? तेचं नाव राहिलं तर फुडल्या साली तरी देता येतंय. गप बस. तेच्यापुढं काडू नको." भाकरी थापताना तिचे हात अजून तेलकट होते, पीठ धरत नव्हतं.

गहू मोंढ्यात न्यायचा ठरला. साखराबाई हट्टानं टेम्पोत पोत्यांवर बसून गेली. आपल्या तोंडानं सांगितलं तर लोक ऐकतील असं तिला वाटत होतं. निलंग्याच्या मोंढ्यात आडत्याच्या दुकानापुढं पोती मोकळी केली, रास लागली. उन्हात ती रास चकाकत होती. आजूबाजूच्या राशी धुरकट आणि ही एकटीच तुकतुकीत. तिला आधी बरं वाटलं. लिलाव फिरत फिरत आला, पाच-सहा व्यापारी आणि मागं बघे. पहिल्यानं हात घातला, बोटं एकमेकांवर घासली. खिशातून पांढरा रुमाल काढला आणि मूठभर गहू त्यात चोळून रुमाल सगळ्यांना दाखवला.

"हे बगा. मागच्या सालचा माल, तेल लावून नवरदेव केलाय."

हसण्याची लाट उठली. वैजनाथ म्हणाला, "न्हाई हो शेट, औंदाचा हाय. एप्रिल मदी काढलाय."

"मग तेल कशाला लावलं? नव्या नवरीला कुनी रंग लावतंय का?"

"टोका लागू नये म्हून," साखराबाई मधे घुसली. "दादा, नातीची आन. ह्या हातानं कापलाय. हे बगा, कुसळाचे वण अजून हायत." तिनं बाही वर करून हात पुढं केला. म्हातारा, सुरकुतलेला दंड आणि त्यावर लाल रेघा. व्यापाऱ्यानं त्याकडं पाहिलंही नाही.

"मावशी, मोंढ्यात समदेच आन घेतेत."

"माय, गप बस की," वैजनाथ दातांत बोलला. "झालं तेवढं पुरे न्हाई का तुजं?"

तिनं बाही खाली ओढली आणि मागं सरकली. एका हमालानं तिला जागा दिली, ती रिकाम्या बारदानावर बसली. एकानं मग जनावराच्या खाद्याचा भाव सांगितला. दुसरा त्याहून खाली आला. बाकीचे पुढच्या राशीकडं गेले. त्यांच्या बोलीत कुणी वर चढलं नाही. वैजनाथनं खाण्यापुरती चार पोती ठेवून बाकीचा माल त्याच बोलीवर सोडला. परतताना टेम्पोत तो पुढं ड्रायव्हरपाशी बसला आणि ती मागं चार पोत्यांबरोबर. वाटेत पाऊस आला. तिनं अंगावरचं पटकूर काढून पोत्यांवर टाकलं आणि स्वतः भिजत बसली.

मृग लागला. सोयाबीनची पेरणी त्यानं दानम्माच्या नवऱ्याला अर्ध्या वाट्यानं, बटईनं दिली. एका सकाळी हैदराबादला न्यायची पिशवी भरलेली दिसली. त्यानं आईला थांबवायचं नाही असं आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून ती अडवायला गेली नाही. उज्वलानं डोळे पुसून डबा बांधून दिला. शिल्पा या सहा महिन्यांत बापाची झाली होती. त्याच्या मागं मागं पारापर्यंत गेली आणि जीप हलली तेव्हा मधोमध रस्त्यात बसली. तिला उचलायला साखराबाईला जावं लागलं. जीपमधून वैजनाथनं लेकीकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं, आणि आईच्या डोक्यावरून पलीकडं चिंचेकडं पाहिलं.

तरी तिनं आशा सोडली नव्हती. नाव राहिलं असलं तर पुढच्या पेरणीला बोलावता येईल, हे ती मनात धरून होती. दिवाळीच्या आधी कंपनीची माणसं पुन्हा आली. या खेपेला दवंडी दिली की बायांनीही यायचं आहे. सभामंडपात एका बाजूला बाया बसल्या. सुदर्शननं सगळं समजावून सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "आणि आता बायांनी नीट ऐका. पोत्यात गोळ्या नाही, राख नाही, आणि एरंडेल तर अजिबात नाही. मागच्या साली एका घरात तेल लावल्यामुळं सगळा माल परत गेला."

सगळ्या माना साखराबाईकडं वळल्या. कुणीतरी म्हणालं, "आमच्या म्हातारीला बी सांगून ठिवायला पायजे, न्हाई तर ह्येंच्यावानी व्हायचं." दानम्मानं तिच्या मांडीला चिमटा काढला आणि कानाशी कुजबुजली, "अक्का, खरं सांग की आता. डबा कुनी आनला ते सांग. का मी सांगू?"

"सांगशील तर तुझं तोंड बगणार न्हाई," साखराबाई म्हणाली.

सभा उठल्यावर ती गुडघ्यांवर हात देत उठली आणि सुदर्शनपाशी गेली. "साहेब, माझ्या लेकाचं नाव हाय न्हवं औंदा? वैजनाथचं? तो हैदराबादहून येतो म्हनालाय. ह्या वेळी मी माल शिवणार न्हाई. दुसऱ्या घरी जाऊन ऱ्हाईन, लागलं तर."

सुदर्शननं तिला ओळखलं. कागद चाळायचीही त्याला गरज पडली नाही. "मावशी, ते नाव तर त्याच दिवशी कमी झालं. माल नाकारला की नाव आपोआप जातं."

"पर मी सांगितलंतं तुमाला. मी लावलंतं म्हून. त्येनं न्हाई."

"कुणी लावलं याला कंपनीत काही अर्थ नसतो, मावशी. माल त्यांच्या नावाचा होता."

ती उभी राहिली. मंडपातली सतरंजी गुंडाळायला लागले होते, ती तिच्या पायाखाली होती. "आजी, पाय उचला," असं कुणीतरी म्हणालं तेव्हा ती बाजूला झाली. एवढं सगळं गावापुढं अंगावर घेतलं, ते ज्याच्यासाठी घेतलं ते त्याच दिवशी संपलेलं होतं आणि आपल्याला कळलंही नाही, हे तिला घरी पोचेपर्यंत हळूहळू कळत गेलं.

दिवेलागणीला वैजनाथचा फोन आला. उज्वलानं बोलून तिच्याकडं दिला.

"माय, कंपनीवाले आलते म्हनं गावात?"

"आलते."

"माझं नाव हाय का?"

"न्हाई बाबा. तवाच कमी केलंय म्हनले."

पलीकडं मालट्रकचा हॉर्न वाजला. मग तो म्हणाला, "तू सांगितलं न्हाईस का त्येला? तू लावलंतंस म्हून?"

साखराबाईनं फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. "सांगितलं. दोनदा सांगितलं. त्येनं काय फरक पडत न्हाई म्हनं."

तो बाजूला गेला असावा, तिकडचा गोंगाट एकदम कमी झाला. तिला वाटलं फोन कटला.

"माय," तो म्हणाला.

"बोल की."

"माय, तो डबा..." आणि पुढं त्याला बोलता येईना. नाक ओढल्याचा आवाज आला. ती ऐकत राहिली. इतके दिवस हे ऐकायची आपण वाट बघत होतो हे तिला तेव्हा समजलं, आणि आता ते ऐकून करायचं काय हे समजेना. कोपऱ्यात ठेवलेल्या चार पोत्यांतलं एक अर्धं झालं होतं. तिनं बसल्या जागेवरून त्यात हात घातला, मूठभर गहू दिव्यापाशी आणला, बोटानं सारून सारून पाहिला.

"तेल चांगलं होतं बाबा," ती म्हणाली. "अजून एक टोका लागला न्हाई."